साकु आणि हाकु

माझ्या कानडीचं एकूण भांडवल दोन शब्दांचं आहे, आणि त्यातल्या एका शब्दापायी सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला स्फोट व्हायचा राहिला.

मी मूळचा पुण्याचा. नोकरीसाठी बेंगळुरूत आलो आणि इथल्या एका जुन्या मराठी घराचा जावई झालो. ही मंडळी पिढ्यान् पिढ्या इथलीच. बोलतात मराठी, पण घाईत, रागात आणि पंगतीत कानडी बाहेर येतं. माझे दोन्ही शब्द पंगतीतलेच. 'स्वल्प' म्हणजे थोडं, आणि 'हाकु' म्हणजे घाल, वाढ. सासूबाई माझ्या पानाकडे बोट दाखवून "हाकु, हाकु!" म्हणतात आणि भात येतो. (फार गोड भाषा!)

सासरे, म्हणजे अण्णा, यांचा इथल्याच, बेंगळुरूच्या शिवाजीनगरला फोटो स्टुडिओ होता. समारंभ ठरताच त्यांनी जाहीर केलं, "सगळ्यांचा फोटो मीच काढणार. माझ्या कॅमेऱ्याने, माझ्याच फ्लॅशने!"

"अण्णा, मोबाईल आहे की," मी म्हणालो.

"त्याचा फ्लॅश? काजवा तो!"

त्यांचे हात आता थरथरायचे. हा आपल्या हातचा शेवटचा फोटो, असं त्यांनी मनाशी धरलेलं दिसत होतं. आणि तो पेटीएवढा फ्लॅश तर कित्येक वर्षं मरून पडलेला! त्याला जिवंत करायचं नंदिनीने, म्हणजे माझ्या बायकोने, अंगावर घेतलं. ती इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. इंजिनिअर मीही आहे, पण सॉफ्टवेअरचा; माझ्या हातून शॉक बसला तर फक्त क्लायंटला बसतो.

तिला काम करताना बघत राहावंसं वाटायचं. पेटी उघडली की तिचा एक हात पाठीमागे.

"ही काय ऐट?" मी विचारलं.

"ऐट नाही रे. दोन्ही हात आत घातले, तर करंट छातीतून जाईल."

मी माझे दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि खोलीबाहेर उभा राहिलो.

"कपॅसिटर म्हणजे गच्चीवरची टाकी समज," ती म्हणाली. "चार्जर म्हणजे मोटर. टाकी भरली तरी मोटर चालूच राहिली तर?"

"वाहते." (या विषयात माझा हात कोणी धरणार नाही. मी मोटर लावून विसरतो आणि खालच्या मजल्यावर धबधबा लागतो.)

"ही वाहत नाही. फुटते! हा साडेचारशे व्होल्टचा आहे, म्हणून चारशेलाच थांबायचं. आणि बंद केल्यावरही चार्ज आत बसून राहतो, म्हणून हा रेझिस्टर. तो टाकी हळूहळू रिकामी करतो. सरी?"

"सरी," मी म्हणालो. (हा तिसरा शब्द, म्हणजे 'ठीक'. पण तो काही न कळल्यावरच वापरतो, म्हणून मोजत नाही.)

समारंभाचा दिवस उजाडला. सगळे ओळीत उभे. टोकाला फ्लॅशची पेटी, शेजारी म्हैसूरपाकाचं टेबल. अण्णा कॅमेऱ्यामागे.

"जावईबापूंना काहीतरी मान द्या," अण्णा म्हणाले, आणि चार्जिंगचं बटण माझ्या हाती आलं!

नंदिनी पेटीवरच्या व्होल्टच्या काट्यापाशी उभी राहिली, एक हात पाठीमागे. "मी सांगितलं की सोड."

मी बटण दाबलं. पेटी कुंई करायला लागली. काटा चढत चढत तांबड्या खुणेला टेकला आणि घाईत नंदिनीच्या तोंडून कानडी निघालं, "साकु!"

मला ऐकू आलं, 'हाकु'. घाल! मी आणखी जोरात दाबलं.

"साकु, साकु!" सासूबाई ओरडल्या. अख्खी रांग ओरडली, "साकु!" आयुष्यात मला एवढं प्रोत्साहन कोणी दिलं नव्हतं! मी दोन्ही अंगठे लावले.

"अरे, साकु म्हणजे पुरे!" नंदिनी किंचाळली.

त्याच क्षणी पेटीत खट्कन आवाज झाला आणि कुंई थांबली. फुटलं! मी थेट टेबलाखाली सूर मारला. टेबलक्लॉथसकट म्हैसूरपाक माझ्या मागोमाग आला. रांगेत हशा पिकला, आणि अण्णांनी नेमकं तेव्हाच कॅमेऱ्याचं बटण दाबलं. लख्ख उजेड पडला!

फुटलं काहीच नव्हतं. पेटीत नंदिनीने एक छोटं सर्किट बसवलं होतं. ते व्होल्टेजचा बारीकसा हिस्सा मोजतं आणि खुणेला पोचलं की स्वतःच चार्जिंग तोडतं. बटण कोणी कितीही दाबो.

"मला आधी का नाही सांगितलंस?" मी टेबलाखालूनच विचारलं.

"सांगितलं असतं तर तू बटण सोडलंच नसतंस. आणि बसवलं का, तर आपल्या टाकीचा अनुभव!"

रीळ धुऊन आलं तेव्हा अण्णा तो फोटो कितीतरी वेळ हातात धरून बसले होते. "एवढी वर्षं 'हसा, हसा' म्हणून लोकांना हसवत होतो," ते म्हणाले, "पण असं हसू पहिल्यांदाच मिळालं." त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले. फोटोत सगळं घर मनापासून हसतंय, नंदिनी एक हात पाठीमागे ठेवून राणीसारखी उभी आहे, आणि टेबलाखालून माझे दोन पायमोजे दिसतायत.

'साकु' शब्द मला एवढ्या वर्षांत का माहीत नव्हता, याचा मी पुष्कळ विचार केला. पुरे म्हणायची वेळ सासुरवाडीच्या पंगतीत माझ्यावर कधी आलीच नव्हती!

नंदिनीने मग गच्चीवरच्या टाकीलाही तसलंच सर्किट बसवलं. त्यामुळे आता आमच्या घरात पुरे झाल्यावर आपोआप न थांबणारी वस्तू एकच उरली आहे, आणि अण्णांच्या पुढच्या वाढदिवसालाही ती पंगतीत सगळ्यांत आधी बसणार आहे.