मस्कतहून बांधलेला बंगला आणि न्हाणीतून वर येणारं पाणी

दादाने मस्कतला बसून, व्हिडिओ कॉलवर गावाकडे बंगला बांधला. आमच्या विट्याच्या भागात याचं कुणाला नवल वाटत नाही. माणसं परमुलखात सोनं गाळायचा धंदा करतात आणि गावात सिमेंट ओततात. राहायला मात्र कुणी नसतं. आमच्या बंगल्यात आई राहणार होती. बरीच वर्षं ती पुण्यात माझ्याकडे होती, कसलीच कमी नव्हती, तरी 'मला गावी सोड' हे टुमणं काही थांबेना. पंचाहत्तरीची बाई तिथे एकटी राहू शकेल का, हे बघायला आम्ही दोघी गाडी काढून निघालो. चार दिवसांत तिला घेऊन परत यायचं, असं मी मनात पक्कं ठरवलं होतं.

तुम्ही या बाजूला जाणार असाल तर पहाटे निघा, खंबाटकीत ट्रकच्या मागे रखडावं लागत नाही. साताऱ्यात कंदी पेढे घेतले आणि रहिमतपूरमार्गे औंधला पोचलो. रस्ता अरुंद आहे, उसाच्या ट्रॉल्या समोरून आल्या की गाडी खाली उतरवावी लागते. यमाईच्या डोंगरावर गाडी बरीच वर जाते, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांचे हाल होत नाहीत. खालच्या खानावळीत शंभर-सव्वाशेत पिठलं, भाकरी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा मिरचीचा खरडा मिळतो. आईने देवीची ओटी भरली.

"काय मागितलंस?" मी विचारलं.

"मागायचं काय आता? मी परत आलीया, एवढंच सांगितलं."

औंधच्या पुढे माझ्या आठवणीतलं उघडंबोडकं माळरान कुठे दिसेचना. कॅनॉलचं पाणी आल्यापासून ऊस झाला आहे, द्राक्षाच्या बागा आहेत. आई काचेला नाक लावून बघत होती.

"ह्ये पाणी तवा आलं असतं तर तुझा बा कशाला गाव सोडून गेला असता?"

गावात शिरलो ते भर दुपारी. दोन्ही बाजूंना बंगले, फाटकांवर सिंह, निळ्या काचा, आणि प्रत्येक दाराला कुलूप. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. मी उगाचच हॉर्न वाजवला आणि मलाच दचकायला झालं. किल्ली शेजारच्या शेवंताकाकूंकडे होती.

दार उघडलं तर नव्या रंगाचा वास आला. कमोडवरचं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नव्हतं. पण आईच्या खोलीला लागून असलेल्या बाथरूममध्ये घोटाभर पाणी साचलं होतं. स्वच्छ, गार पाणी, वास कसला तो नाही. मी ते खराट्याने बाहेर काढलं. थोड्या वेळाने जाळीतून घुटके घेतल्यासारखा आवाज आला आणि पाणी पुन्हा चढू लागलं.

विट्याहून प्लंबर बोलावला. त्याने गच्चीवर जाऊन टाकी पाहिली, एकेक कॉक फिरवून पाहिला.

"ताई, टाकी कोरडी हाय. मोटर अजून जोडलीच न्हाई. मग ह्ये येतंय कुठनं?"

"ते विचारायलाच तुम्हाला बोलावलंय ना!"

त्याने एकदा जाळीकडे पाहिलं, पेट्रोलचे पैसे मागून घेतले आणि चप्पल हातात घेऊनच गाडीकडे गेला. मला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही.

उलगडा शेवंताकाकूंनी केला. "आवं, हितं तुमचा आड हुता. ठेकेदारानं वर स्लॅब टाकला अन् न्हाणीचं पाणी आतच सोडलं."

दादाला फोन लावला. "कोरडा होता गं तो! आयता शोषखड्डा मिळाला, असं ठेकेदार म्हणाला, मी हो म्हटलं."

म्हणजे कॅनॉलमुळे कोरडा आड भरला होता आणि तेच पाणी पाइपातून वर येत होतं. मला एकदम हायसं वाटलं. काकूंना मात्र तसं वाटलं नसावं. त्या हळू आवाजात आईला म्हणाल्या, "आक्का, आडावर साती आसरा हायत्या. असं झाकून ठेवू ने."

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बाया. रुसल्या की माणसाला आत ओढतात, असं लहानपणी ऐकवून आम्हाला विहिरीपासून लांब ठेवत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई कुठे दिसेना. शोधत गेले तर ती बाथरूममध्ये पाट टाकून, पाण्यात पाय सोडून बसली होती. पायांपाशी फरशीवर काचेची हिरवी बांगडी पडली होती. अख्खी. जाळीच्या भोकातून माझी करंगळीही गेली नसती.

"आई, ही कुठून आली?"

"तुझ्या दादाच्या बाळंतपणात आड पुजला, तवा वाहिलेली." शेजारणीने वाटी परत आणून दिल्यासारखं ती सहज बोलली.

मी तिचा दंड धरला. "ऊठ. आत्ताच्या आत्ता पुण्याला चल."

"तू जा. मला हळद-कुंकू आणून दे अन् जा."

मी आणून दिलं. संध्याकाळी पाणी उतरलं होतं, फरशी खडखडीत कोरडी होती आणि बांगडी नव्हती. मी ती शोधलीही नाही.

पुढचे दोन दिवस मी रडले, भांडले. दादा तिकडून ओरडला. आई बधली नाही. शेवटी शेवंताकाकूंच्या भरवशावर तिला सोडून मी एकटीच निघाले. परतताना विटा-कराड रस्ता धरा, चांगला आहे आणि हायवे लवकर लागतो. मला तो नीट दिसला असं मात्र म्हणवत नाही.

आता घरी येऊन महिना होत आला. 'जावं का तिकडे?' असं कुणी विचारलं तर मी औंध सांगते, खरडा सांगते, आणि पुढचं सांगायचं टाळते. मी आईची सोय बघायला गेले होते आणि तिला कुणाच्या हवाली करून आले, हेच मला कळत नाही. भीती वाटते, अगदी खरी भीती.

परवा काकूंचा फोन आला. "आक्का रोज दुपारी न्हाणीत बसत्यात. बोलत असत्यात. मधीच लय हसत्यात."

मी लगेच आईला फोन लावला. "आई, कुणाशी बोलत असतेस तू?"

पलीकडे पाणी वाजत होतं.

"अन् पुण्यात मी कुणाशी बोलत हुते गं?"