आभारांत नसलेल्या बाई

मी पदवीधर झालो तो सरोज तांबे बाईंमुळे. शाळेत प्रयोगशाळा नव्हती, म्हणून बाई घरून हळद, चुना, लिंबू आणून आम्हाला आम्ल आणि अल्कली शिकवत.

माझ्याच बाकावरचा सुधीर आता मोठा शास्त्रज्ञ आहे. काल इथल्या कॉलेजात तो आपल्या वाटचालीवर बोलला. "आमच्या शाळेत कसलं विज्ञान? अहो, फळासुद्धा धड नव्हता!" सभागृह खदखदून हसलं. शेवटी पडद्यावर आभाराची नावं आली, ती सगळी परदेशातली.

शोधनिबंधात एक ओळ घेतली तरी मूळ माणसाचं नाव देणारे हे लोक, स्वतःचं आयुष्य सांगताना मात्र स्वयंभू होतात. मला त्याला मिळालेल्या टाळ्यांचीही चीड आली. दारात गाठून विचारलं, "सुध्या, तांबे बाई कुठं गेल्या रे?"

"अरे, ते हळद-चुन्याचे खेळ! इथं काय सांगायचे?"

घरी येऊन मी लिहिलं: "बाई, सुधीरचं भाषण पेपरात येईल. त्याच्या बातम्यांची कात्रणं तुम्ही कौतुकानं शाळेत लावता. हे लावू नका. यात तुम्ही नाही."