मामांनी मोजलेला उन्हाळा

न जळलेली वीज मोजायला निघालेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि नशिबाने तो माझा सख्खा मामा निघाला! फौजेतून सुटून उंब्रजला आलेल्या या गृहस्थाने, सत्तरच्या दशकात, घराच्या पत्र्याखाली उसाच्या पाचटाचा हातभर जाड थर चढवला, पत्र्याला वरून चुना फासला आणि पश्चिमेच्या भिंतीला मातीचा गिलावा दिला. घर गार झालं की पंखा कमी फिरेल, पंखा कमी फिरला की वीज कमी जळेल, असा साधा हिशोब. गाव हसलं. तेव्हा चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत मामांनी शब्द दिला, "उन्हाळ्यात मीटरवरचा खप उतरला न्हाई, तर सगळं पाचट काढून चुलीत घालीन."

पण मोजणी फौजी शिस्तीची हो! उन्हाळ्याची तुलना उन्हाळ्याशीच. वळीव पडला की तो दिवस बाद. आम्ही सांगलीहून सुट्टीला गेलो की दारातच मामांचा प्रश्न, "किती दिस ऱ्हानार?" आई फुरंगटायची. "अगं ताई, म्हैनाभर ऱ्हा की! मी तुमास्नी हिशोबातनं वजा करतो." मी पंख्याखाली जरा लवंडले की आतून आवाज यायचा, "वजा!" आम्हाला त्यांनी कधी नको म्हटलं नाही, वजा मात्र नेमाने केलं.

मे संपता संपता मीटर खरंच छान उतरला. मामा हरखले. मला बरोबर घेऊन टपरीवर सांगायला निघाले आणि चष्मा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परतले. घरात पंखा बंद. मामी घामाने निथळत सुपाने वारा घेत बसलेल्या.

"आवं, तुमी भायेर गेला की मी बंदच ठेवती," मामी चाचरत म्हणाल्या. "गावापुढं तुमची मान खाली जायला नको."

मामांनी आधी पंख्याचं बटण दाबलं. "अगं, मला वीज वाचवायची हुती. तुला उकडून न्हवं!"

गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पण मामा तसेच टपरीवर गेले. "आकडा खोटा हाय. मोजन्यात माझीच चूक झाली. आनी एक उन्हाळा द्या." मामींचं नावसुद्धा काढलं नाही. लोक पोट धरून हसले. मला मात्र त्या क्षणी मामा फार आवडले.

पुढच्या उन्हाळ्यात मामींना पंख्याच्या बटणाला हात लावायची बंदी. "आवं, आता खरंच गार वाटतंया, बंद करा की," त्या म्हणायच्या. मामा बटणावर बोट ठेवून त्यांच्या कपाळाकडे निरखून बघायचे. ही खरंच गारव्यात आहे, की पुन्हा माझ्यासाठीच सोसते आहे? मग बोट काढून घ्यायचे. पंखा दिवसभर गरगरत राहिला. मीटर काही उतरला नाही.

शब्द म्हणजे शब्द. मामांनी एकट्याने सगळं पाचट उतरवलं आणि चुलीपाशी आणून टाकलं. त्याच्याच जाळावर मामींनी भाकरी भाजल्या. पत्रा तापून घराची भट्टी झाली होती. पदराने तोंड पुसत मामी म्हणाल्या, "पाचट हुतं तवा लय गार वाटायचं वो."

मामांनी हातातला घास ताटात ठेवला. "मग बोलायचं न्हाईस व्हय?"

"सांगत हुते की रोज," मामी म्हणाल्या आणि गरम भाकरी त्यांच्या ताटात वाढली.