कॅप्टनअंकलची माफी

कॅप्टनअंकल कुठेही गेले की आधी खुर्च्या सरळ करायचे. दुबईत करामा भागातल्या आमच्या घरी जेवायला आले तरी टेबलाजवळच्या खुर्च्या एका रेषेत लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि त्या नादात स्वतः बसायचंच राहून जाई. आई म्हणायची, "अहो, इथे तुम्ही पाहुणे आहात." ते हसत, "काय करू वहिनी, पाय ऐकत नाय." मूळचे वसईचे. जबल अलीच्या एका हॉटेलात बँक्वेट कॅप्टन, म्हणजे लग्नकार्याच्या हॉलमधल्या वेटरांचे म्होरके. बाबांचे जुने मित्र. पुढे मी त्याच हॉटेलात रिझर्वेशनला लागले आणि स्टाफच्या बसमध्ये आमची शेजारशेजारची जागा ठरून गेली.

लग्न त्यांनी केलं नाही. वसईला म्हातारी आई होती, तिचा रोज फोन यायचा. एका संध्याकाळी हॉलमध्ये मोठं लग्न होतं. ड्युटीवर फोन लॉकरमध्ये ठेवायचा नियम. ते ठेवत असतानाच आईचा फोन वाजला. नाताळला येतोस ना, हेच पुन्हा विचारणार, म्हणून त्यांनी तो वाजता फोन तसाच आत ठेवून कुलूप लावलं. लग्न आटोपून लॉकर उघडला तेव्हा शेजाऱ्यांचे मेसेज होते. आई गेली होती.

त्यानंतर कोणाचाही फोन वाजला की त्यांचे हात थरथरत. स्वतःचा फोन तर ते उचलेनातच. काही निरोप असला की माणसं मला सांगायची. हातातून ट्रे पडू लागले, तशी त्यांची बदली स्टोअरमध्ये झाली. चर्चमध्ये जाऊन त्यांनी कन्फेशन केलं, आईचा फोन न उचलल्याचं पाप कबूल केलं. फादर म्हणाले, "हे पाप नाही, दुःख आहे. काउन्सेलरला भेट."

घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये मी एका काउन्सेलर बाईंची वेळ घेऊन दिली. आता बसमध्ये दुसरा विषय नव्हता. "झोपवून बोलायला लावतात काय? शॉक देतात?" मी म्हटलं, "नाही हो अंकल, तुम्ही बोलायचं, त्या ऐकणार." "आणि ऐकून मग?" पहिल्या दिवशी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि ड्युटीचे काळे बूट घालून आले, वेटिंग रूममधल्या खुर्च्या सरळ केल्या आणि हात पाठीशी बांधून भिंतीशी उभे राहिले. रिसेप्शनवरची मुलगी मला खुणेनेच विचारत होती, हे पेशंट की स्टाफ?

बाहेर आले ते भलतेच घाईत. "झोप, भूक, दारू, सगळं विचारलं. जीव द्यावासा वाटतो काय, ते पण! मी बोललो, मॅडम, तसं काय नाय. मग बोलली, इथलं बोलणं हॉटेलला कळत नाय. म्हणजे कन्फेशनच की, बाय! मी आईचं सगळं सांगून टाकलं. खलास." मग चेहरा पडला. "हात जोडून बसलो. ती बोलली, पुढच्या आठवड्यात भेटू. प्रायश्चित्त सांगितलंच नाय." मला हसू आलं होतं, पण ते खरोखरच वाट पाहत होते.

ते जात राहिले. एकदा बाईंनी स्पष्टच सांगितलं, की यात तुमचा दोष नाही. हे ऐकून माणूस सुटकेचा निःश्वास टाकेल असं मला वाटलं होतं. अंकल बसमध्ये खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "फादर बोलला पाप नाय. मॅडम पण तेच बोलते. पाप असतं तर माफ तरी झालं असतं, बाय. आता कोणाकडे जाऊ?"

नंतर एकदा बाईंनी समोर रिकामी खुर्ची ठेवली आणि म्हणाल्या, समजा आई इथे बसली आहे, तिच्याशी बोला. अंकल उठले. खुर्ची सरळ केली, पाहुण्यांसाठी ओढतात तशी थोडी मागे ओढली आणि तिच्यामागे उभे राहिले. "लई वेळ धरून उभा होतो. पण ती बसली नाय ग, बाय," एवढंच त्यांनी मला सांगितलं.

बाईंशी बोलणं अर्धवट असतानाच हॉटेलने त्यांचं काँट्रॅक्ट संपवलं. सामान बांधून निरोप घ्यायला आले तेव्हा माझ्या आईच्या आग्रहाने ते आमच्याकडे पहिल्यांदाच शांत बसून जेवले. निघताना म्हणाले, "मॅडम बोलते, वसईला गेलास तरी फोनवर चालू ठेवू. फोनवर!" आणि मोठ्याने हसले. "इन्शाल्ला, बरा होईन," असं म्हणत त्यांनी बॅग उचलली.

मेसेज केला की त्यांचं उत्तर येतं, "ओके बाय. गॉड ब्लेस." पण मला त्यांचा आवाज ऐकायचा असतो, म्हणून रविवारी मी फोन लावते. तो पूर्ण वाजतो आणि बंद होतो. तिकडे हात थरथरत असतील, हे मला ठाऊक आहे. तरी मी पुन्हा लावते. अंकल, फोन उचलला नाहीत तरी मी रागावलेली नाही, एवढंच सांगायचं असतं.