जाऊ ऐकत होती तोवर

जावेचा हात थांबला तेव्हा मला वाटलं, प्रकरण जमलं.

आम्ही दोघी बराखीच्या सावलीत कांदा काटत बसलो होतो. बराख म्हणजे आमच्याकडे कांदा साठवायची जाळीची चाळ. जाऊ माझ्या उजव्या अंगाला बसली होती. तिच्या डाव्या हातात कांदा, उजव्यात विळा. पात कापायची, कांदा ढिगावर टाकायचा. मी तिला माझ्या तिसऱ्या कादंबरीचा शेवटाकडचा भाग सांगत होते. त्यात डोंगरातल्या लेण्यांमध्ये बिबटे राहतात आणि माणसांची झोप खातात. ज्याची झोप खाल्ली तो म्हातारा होत नाही, मरत नाही, नुसता जागा राहतो. अशी एक जागी बाई आपली झोप परत मागायला निघते. ती बिबट्याच्या दारात येऊन उभी राहिली, इथवर मी आले आणि जावेचा विळा अर्ध्या पातीत थांबला.

तिचा हात थांबला की सांगितलेलं चांगलं, अशी माझी पद्धत. मला दुसरी परीक्षा माहीत नव्हती. म्हणून मी बोलत राहिले. बाई आत गेली, बिबट्याशी भांडली, त्याच्या सात पिढ्या काढल्या. विळा हलला नाही. मग मीही रंगले. न ठरवलेलंही सांगत गेले. अख्खं प्रकरण संपवून म्हटलं, "आता बोल." ती बोलली नाही. तेव्हा मी वाकून तिचं तोंड पाहिलं. उजवीकडचा ओठ खाली उतरला होता आणि लाळ पदरावर गळत होती.

अंगावरून वारं गेलं होतं. तिच्या मुलाने शेजाऱ्याची गाडी आणली. मंचरला डॉक्टरांनी बघितलं आणि पुढे पुण्याला न्यायला सांगितलं. हायवेवर कांद्याच्या ट्रकांची रांग लागलेली. पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून असं झालंय. मी म्हटलं, एक प्रकरण सांगून होईपर्यंत ती तशीच होती. त्यांना ते कळलं नाही. मुलाने मधे पडून त्याचे तास करून सांगितले. डॉक्टर म्हणाले, रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन ठरावीक वेळेतच देता येतं. अर्धा तास आधी आला असता तर दिलं असतं. तो अर्धा तास कुठे गेला हे त्या खोलीत मला एकटीला ठाऊक होतं.

लोक मला विचारतात, चौथी शिकलेली बाई अद्भुत कादंबऱ्या कशी लिहिते. यात विचारण्यासारखं काही नाही. माझं माहेर वर डोंगरात, तळेघरच्या बाजूला. पाचवीची शाळा लांब होती आणि घरी भात-नाचणीची लावणी होती, म्हणून चौथीत शाळा सुटली. लग्न होऊन इकडे सपाटीला आले. इथे मंचरच्या बाजारात एका मारवाडी शेठचं दुकान होतं. ते गूळ, डाळ, सुपारी जुन्या मासिकांच्या पानांत बांधून द्यायचे. ती पानं मी चुलीपुढे सरळ करून वाचायची. कशालाच सुरुवात नाही आणि शेवट नाही. एका पानावर राक्षस विहिरीत उतरतोय, मागचं पान दुसऱ्या कुणाच्या घरी हिंग घेऊन गेलेलं. मग तो का उतरला आणि बाहेर आला का, हे मीच ठरवायची. शेठच्या आईला हे कळल्यावर ती माझ्यासाठी फाटकी मासिकं बाजूला ठेवायला लागली. म्हणायची, ने बाई, नाहीतर तू सारखा गूळच घेत बसशील.

पुढे वाचनालयाची पुस्तकं मिळाली. पहिल्या दिवशी तिथल्या माणसाने विचारलं, कुणासाठी नेताय. नातवासाठी म्हटलं. तेव्हा मला नातू नव्हता. राजे, चेटकिणी, बोलणारी झाडं असली पुस्तकं मी आणायची. घरोघरची भांडणं असलेली पुस्तकं वाचावी असं मला कधी वाटलं नाही, ती घरात फुकट होती. अजूनही पुस्तक हातात आलं की मी मधूनच उघडते.

आमच्यात तेव्हा सावड होती. आज माझ्या रानात सगळ्यांनी राबायचं, उद्या तुझ्या. मजुरी नाही. बायका ओळीने बसायच्या आणि मी वाचलेलं सांगायची. वाचलेलं संपलं की मनचं सांगायची. ज्या ठिकाणी हात थांबायचे आणि ओळ मागे पडायची, ते लक्षात ठेवायचं. जिथे हात चालत राहिले ते टाकून द्यायचं. दुपारी भांडी झाली की लक्षात राहिलेलं लिहायचं. आधी सांगितल्याशिवाय मी एक ओळ लिहिलेली नाही. कागदासमोर नुसतं बसलं की मला काही सुचत नाही.

सगळ्यात अवघड माझी धाकटी जाऊ. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण तिचा हात थांबवायचा म्हणजे घाम निघायचा. राणी रडतेय असं मी रंगवून सांगितलं, तर कांदा टाकत म्हणाली, "रडती हाय, समजलं. पण सकाळधरनं जेवली का न्हाई ती?" मी राणीला जेवायला घातलं. ते प्रकरण त्यामुळे उभं राहिलं. राजाचं भाषण सांगितलं तर म्हणाली, "आक्का, तुमचा राजा मंचरच्या दलालावानी बोलतो. भाव काय देतो ते सांगा." भाषण गेलं. पहिल्या पुस्तकातही बिबट्या होता. ते छापायच्या वेळी पुण्याच्या प्रकाशकांनी सुचवलं की बिबट्याऐवजी उडणारं काहीतरी घाला, मुलांना आवडतं. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "उडणारं कोंबडीचं पिल्लू नेतंय, बिबट्या माणूस नेतो. भ्यायचं कुणाला ते त्यास्नी विचारा." बिबट्या राहिला.

पुस्तकं निघाली तोवर सावड मोडली होती. बायका मेल्या, काही मुलांकडे गेल्या. शेवटी आम्ही दोघी जावा राहिलो आणि मला तेवढं पुरत होतं.

पुण्याहून तिला घरी आणलं. उजवं अंग गेलं होतं. बोलणं म्हणजे सगळ्याला एकच "हां". पाणी हवं का, हां. नको का, हां. डॉक्टर म्हणाले होते, बोलत राहा, कधी कधी परत येतं. मला ती परत यायला हवी होती. माया होती म्हणून, आणि तिच्याशिवाय माझं तिसरं पुस्तक संपणार नव्हतं म्हणूनही. दोन्ही कारणं खरी आहेत. कुठलं मोठं ते मी मोजत बसले नाही.

रोज जेवण झालं की मी तिच्या खाटेशी बसायची आणि सांगायची. तिचा डावा हात चांगला होता. तो सारखा गोधडीचा दोरा उसवत असायचा. मी त्या हाताकडे बघत सांगायची. बाई बिबट्याच्या दारात आली. हात चालू. बिबट्याने तोंड उघडलं. हात चालू. मग मी मुद्दाम वाईट सांगून पाहिलं. राजाचं जुनं भाषण अख्खं म्हटलं. हात त्याच चालीने चालू. एकदा बिबट्याला पोथी वाचायला बसवलं, नुसता मूर्खपणा. तरी तेच. तिची सून म्हणाली, "सासूबाईंना आवडतंय बघा, हसत्यात." ती हसत नव्हती. तोंड वाकडं झालं होतं ते तसं दिसायचं.

एकदा तिला विचारलं, "मी कोण गं?"

"हां," म्हणाली.

मी दुसरीकडेही जाऊन पाहिलं. आता कांदा काटायला ठेक्याच्या टोळ्या येतात, टेम्पोतून. मी त्यांच्या ओळीत बसले आणि गोष्ट लावली. सगळ्यांच्या कानात वायरी. एका पोरीने माझ्या वयाकडे बघून एका कानातली काढली. थोडं ऐकून म्हणाली, "आज्जी, व्हिडिओ टाका ना, मी लाइक करते." पोरगी वाईट नव्हती. पण तिचा हात एकदाही मंदावला नाही. त्यांना पिशवीवर पैसे मिळतात. त्यांनी थांबावं तरी का?

प्रकाशक फोन करायचे, शेवट पाठवा. मी दोन शेवट लिहून पाठवले. एकात बाईला झोप मिळते. दुसऱ्यात मिळत नाही आणि ती बिबट्याच्या दारातच बसून राहते. त्यांनी दोन्ही वाचले आणि म्हणाले, "आजी, दोन्ही छान आहेत, तुम्ही म्हणाल तो छापू." भला माणूस आहे. पण दोन्ही छान असतात तेव्हा एकही बघितलेला नसतो, निदान जाऊ बघायची तसा नसतो. मी दोन्ही परत मागवले. ते पुस्तक निघणार नाही. तसं त्यांना कळवलं तर म्हणाले, घाई नाही. मी घाईचं बोललेच नव्हते.

मार्गशीर्ष संपता संपता तिने गिळणं सोडलं. चमच्याने पेज घातली तरी बाहेर यायची. नळी घालायची का, हे तिच्या मुलाने मला विचारलं, घरात मी थोरली म्हणून. मी नको म्हटलं. तोवर मी गोष्ट सांगायचंही बंद केलं होतं. खाटेशी नुसती बसायची. तिचा हात गोधडी उसवतच होता. नंतर नंतर अस्तर निघालं, तेव्हा सुनेने दुसरी गोधडी दिली.

वाचनालयातून पुस्तक आणणंही थांबलं. कुणी अडवलेलं नाही, डोळेही बरे आहेत. दोन-चार पानं झाली की हे तिला कसं सांगायचं याची मनात जुळणी सुरू होते. मग मी पुस्तक मिटते.

जाऊ पौषात वारली. तिचा नवरा त्याआधीच गेला होता आणि माझाही. मी जिवंत आहे.