मुदतीतलं काम

गोव्यात मोपाला विमानतळ सुरू झाला आणि हैदराबादेत नोकरी करणारा मुळगावचा प्रज्योत घरी परत आला. तो विमानांचा इंजिनिअर. त्याच्या सहीशिवाय विमान उडत नाही, असं त्याचे वडील साखळीच्या बाजारात भेटेल त्याला ऐकवत. शेजारच्या देवकीकाकीची लेक तेजस्विनी दिल्लीला बाळंत व्हायची होती. तिने आईचं विमानाचं तिकीट काढलं, तेव्हा काकी ते घेऊन आधी प्रज्योतकडेच आली.

"पुता, माका भय दिसता."

"भियां नको, काकी. मी आसंय मां थंय," प्रज्योत म्हणाला.

काकी निघायच्या आदल्या दिवशी एक विमान मोपाला उतरलं. त्याच्या मागच्या दोन संडासांपैकी एकाचा फ्लश चालत नव्हता. असला बिघाड तिथल्या तिथे काढलाच पाहिजे असं नसतं. दार बंद करायचं, वर चिठ्ठी डकवायची, नोंद करायची आणि नेमून दिलेल्या मुदतीत दुरुस्ती करायची. तोवर विमान उडवायला नियमाची हरकत नाही. लागणारा भाग दुपारीच स्टोअरमध्ये येऊन पडला होता. विमानही संध्याकाळपर्यंत उभंच होतं. पण संध्याकाळी साखळीला प्रज्योतच्या संघाची क्रिकेटची फायनल होती, आणि त्या घाणीच्या नळात हात घालून मग मैदानावर जायचं त्याच्या जिवावर आलं.

"मुदत आहे ना अजून?" बरोबरच्या शिवदासने विचारलं.

"आहे. राहू दे," म्हणत प्रज्योतने सही केली. फायनल ते जिंकले.

दुसऱ्या दिवशी दिल्लीला जायला नेमकं तेच विमान आलं. दारावरची चिठ्ठी तशीच होती. आता थांबा थोडा होता, काम होण्यासारखं नव्हतं. बाकीचे संडास चालू आहेत, असं त्याने मनाला सांगितलं. खाली उभ्या असलेल्या प्रज्योतला काकीने शिडीवरून हात केला. लेकीने पाठवलेली नवी मोरपिशी साडी तिने नेसली होती. तो वर गेला आणि तिची पिशवी ठेवताना विमानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ही आमची काकी हां, नीट न्या."

काही दिवसांनी तेजस्विनीचा फोन आला. नात झाल्याचं सांगून झालं, मग ती जरा घुटमळली.

"प्रज्योत, पाठचा एक संडास बंद होता म्हणे. असं विमान सोडतात?"

मग तिने घडलं ते सांगितलं. काकीला रक्तदाबाची गोळी चालू होती. ती घेतली की सारखं उठावं लागे. तिची जागा खिडकीशी, शेजारचे दोघं झोपलेले. त्यांना उठवायचा तिला संकोच. शेवटी उठली तर मागे रांग, मध्ये खाण्याची गाडी. पुढच्या संडासाकडे जावं हे तिला कोणी सांगितलं नाही. तिची पाळी यायच्या आतच विमान हलायला लागलं आणि सगळ्यांना जागेवर बसवलं. काकी बसली, आणि बसल्या जागी तिचा धीर सुटला, नवी साडी ओली झाली. सगळे उतरून जाईपर्यंत ती उठली नाही.

"सोडतात," प्रज्योत म्हणाला. "नियमात बसतं ते."

"असेल बाबा. आईने कोणाला सांगू नको म्हणून शपथ घातलीय. तू त्यातला, म्हणून विचारलं."

फोन ठेवल्यावर त्याला जेवण गेलं नाही. नियम त्याने मोडला नव्हता. कोणी विचारलं असतं तर सगळं चोख निघालं असतं. तेच त्याला सोसवेना.

काकी परतली ती रेल्वेने. प्रज्योत तिला आणायला थिवी स्टेशनवर गाडी घेऊन गेला. अस्नोड्याच्या पुढे त्याच्याने राहवेना.

"काकी, तो संडास माका आदल्या दिवशी करूंक येय होतो. वेळ होतो. मी केलंय नाय. चूक माझी."

त्याला वाटलं होतं, ती रागावेल, नाहीतर जाऊ दे म्हणेल. काकीने रस्त्यावरची नजर काढली नाही.

"म्हणजे तेजान तुका सांगल्यान," ती हळूच म्हणाली.

नऊवारीच्या पदराने तिने तोंड झाकून घेतलं आणि घर येईपर्यंत ती तशीच बसून राहिली. आपलं ओझं उतरवायला आपण तिची झाकलेली गोष्ट उघडी केली, हे त्याला तेव्हा कळलं. उतरताना ती एवढंच म्हणाली, "तुझ्या आवशीक सांगू नको."

त्याने आईला सांगितलं नाही. भाग हाताशी असला की प्रज्योत आता काम पुढे ढकलत नाही. शिवदास कुरकुरतो, पण हात लावतो. वडील अजूनही बाजारात त्याच्या सहीचं कौतुक सांगतात, आणि तो बरोबर असला तर पुढे चालू लागतो. देवकीकाकी देवळात जाते ती खालच्या बांधावरून. तो रस्ता लांबचा आहे, पण प्रज्योतच्या दारावरून जात नाही.