कॉलेजने आम्हाला सोडलं!

कॉलेज चालू होतं तोवर आमच्या वर्गात सांगण्यासारखं काही घडलं नाही. ते बंद पडलं आणि इतके किस्से साचले की आता आम्ही भेटलो की घरी जायला उशीर ठरलेला!

टोरोंटोतल्या एका खाजगी कॉलेजात आम्ही अकरा जणी फार्मसी असिस्टंटचा कोर्स करत होतो, सगळ्या सरकारी स्टुडंट लोनवर. मी तर त्यासाठी डेकेअरमधली नोकरी सोडलेली.

एका सोमवारी दाराला कुलूप आणि काचेवर नोटीस : कॉलेज कायमचं बंद. दोघी-तिघी तिथेच रडायला लागल्या. नीलाताई आमच्यात सगळ्यात मोठ्या, वय बावन्न. नागपूरच्या शाळेत बावीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं. त्यांनी नोटीस दोनदा वाचली.

"तीन स्पेलिंगं चुकलीत! अन् आपण यांच्याकडून शिकत होतो!"

रडता रडता सगळ्या हसलो.

*

लोनच्या हेल्पलाइनवर मी तासभर होल्डवर होते. शेवटी एक बाई आली. "तुम्ही कॉलेज कधी सोडलं?"

सोडल्याची तारीख सांगितली असती तर लोनचे हप्ते लगेच सुरू झाले असते. मी म्हटलं, "मॅडम, मी नाही सोडलं. कॉलेजने मला सोडलं!"

तिने काहीतरी टाइप केलं. मग म्हणाली, "अहो, मग त्यासाठी वेगळा फॉर्म आहे!"

कॉलेज बंद पडलं तर लोन माफ होऊ शकतं, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

*

नीलाताईंच्या मुलाला हा फॉर्मचा खटाटोप पटेना. "आई, जस्ट लेट इट गो. इट्स नॉट वर्थ इट."

"तू नववीत मॅथ्समध्ये फेल झालास, तेव्हा मी लेट इट गो केलं होतं का रे?"

त्याच संध्याकाळी तो निमूटपणे आईचे कागद स्कॅन करत बसला.

*

फॉर्मला हजेरीचा पुरावा हवा होता. तो देणार कोण? कॉलेजचा फोनसुद्धा बंद!

आमची फिलिपिनो मैत्रीण ग्रेस रोज वर्गात डब्यांचे फोटो काढायची. प्रत्येक डब्यामागे फळा, फळ्यावर तारीख, शेजारी आम्ही! असे चाळीस फोटो आम्ही फीच्या पावत्यांना जोडले.

आठवड्याने ग्रेसला लोनच्या अधिकाऱ्याचा फोन आला. "पुरावा चालेल. पण ते पांढरे मोती कसले?"

"साबुदाण्याची खिचडी!" ग्रेसने अभिमानाने सांगितलं. केली होती नीलाताईंनी!

*

नऊ जणींचं लोन माफ झालं. दोघींच्या अर्जाचं काम अजून चालू आहे, पण फाइल पुढे सरकते आहे. उरलेला कोर्स पूर्ण करायला सरकारने आम्हाला दुसऱ्या कॉलेजात जागा दिली.

तिथे पहिल्या दिवशी डायरेक्टर स्वतः स्वागताला आले. "एनी क्वेश्चन्स?"

नीलाताईंनी हात वर केला. "या बिल्डिंगचं लीज किती वर्षांचं आहे?"

ते हसले. नीलाताई हसल्या नाहीत.

डायरेक्टर आत गेले आणि लीजचे कागद घेऊन आले. नीलाताईंनी चष्मा लावला आणि कॉरिडॉरमध्ये उभ्यानेच एकेक पान वाचलं. आम्ही दहा जणी मागे उभ्या, डायरेक्टरही उभे.

शेवटचं पान उलटून त्यांनी कागद परत दिले आणि आमच्याकडे वळल्या.

"चला गं, बसा वर्गात."